काडी

बत्तीस वर्षं चोपडा स्टँडवर माईकमध्ये बोललो.
यावल, फैजपूर, रावेर, फलाट तीन.
गाडीला उशीर असला तर उशीर आहे म्हणालो,
येणारच नसली
तरीही उशीर आहे म्हणालो.

रिटायर झालो त्या महिन्यात सासवडच्या एका कंडक्टरने
ओल्या गोणपाटात गुंडाळून एक काडी दिली.
वीतभर. तीन डोळ्यांची.
म्हणाला, अंजीर आहे, डोळा वर ठेवून लावा.

हिलाल अण्णा भिंतीवरून हसले.
केळीच्या मुलखात अंजीर?
आपली जमीन काळी, पावसाळ्यात पाणी धरून बसणारी,
आणि वैशाखात अशी फाटते
की किल्ली पडली तर गेली.
मी कमरेइतका खड्डा खणला.
रस्त्याच्या कामावरचा मुरूम विचारून आणला,
दोन घमेली न विचारता.
विटांचे तुकडे, चुना, शेणखत.
नळ चौथ्या दिवशी, म्हणून काडीला
अंघोळीचं पाणी, मेथी धुतल्याचं पाणी.

पहिल्या वर्षी पानं आली. पंजाएवढी, खरखरीत,
पातेलं घासावं अशी.
केशरने एकदा घासलंही.
दुसऱ्या वर्षी पानं.
तिसऱ्या वर्षी पानं, आणि पानांवर तांबेरा.
कृषी सहायक गिरासे मोटरसायकलवरून न उतरताच म्हणाले,
तोडा. गुडघ्याएवढं ठेवा. माजलंय नुसतं.
मी हो म्हणालो,
माईकवरच्या त्याच आवाजात.
कोयत्याला धार लावली. रविवारी बघू म्हटलं.
मग पितृपक्ष आहे म्हटलं.
मग अमावस्या.

दसऱ्याच्या आधी जळगावला मोतीबिंदू काढला,
दोन रात्री मुलीकडे राहून
हिरवी पट्टी लावून घरी आलो.
मागचं दार उघडलं
तर अंगणात इतका उजेड
की वाटलं, डॉक्टरचा हात चांगला आहे.
मग दिसलं.
गुडघ्याएवढं खोड. चार खुंट.
कापल्या जागी चिकाचे पांढरे थेंब, वाळलेले.
केशरच्या मनगटापासून कोपरापर्यंत पुरळ,
त्यावर खोबरेल.
"तुमनाघाई व्हनार नव्हतं," ती म्हणाली,
"म्हनीसन मी तोडं."
आणि कळण्याची भाकरी थापायला बसली.

अकरा दिवस मी बोललो नाही.
मीठ हवं असलं की ताटाच्या डाव्या कोपऱ्याकडे बघायचो.
ती वाढायची.
बाराव्या दिवशी म्हणालो, हात दाखव.
पुरळ केव्हाच गेलं होतं.

थंडीत खुंटांवर डोळे फुटले.
माघात पानापानाच्या बगलेत एकेक हिरवा गोळा,
हरभऱ्याएवढा, मग बोराएवढा.
नव्या डोळ्याने मी रोज फूल शोधायचो.
अण्णा म्हणाले, उंबराच्या घरातलं आहे ते,
फूल आतच ठेवतात,
बाहेर दाखवायची रीत नाही त्यांच्यात.

पहिली चार बुलबुलांनी खाल्ली.
केशरने माझ्या ड्यूटीच्या शर्टांच्या बाह्या कापून
पिशव्या शिवल्या, फळाफळाला बांधल्या.
झाड खाकी घालून उभं राहिलं.

चैत्रात, सकाळी सहाला, ऊन चढायच्या आत
एक मऊ लागलं. देठाशी अजून चीक.
अंगठ्याने फोडलं.
आत दाटीवाटीने लाल फुलं,
कधीपासून बसलेली,
फलाट तीनवरच्या माणसांसारखी.
अर्धं केशरला दिलं. मोठं अर्धं.
काहीतरी बोलायला हवं होतं,
तोंड उघडलंही.

"आधी मुंगी देखी ल्या," ती म्हणाली.